वनस्पतींच्या पानांतून इन्फ्लुएन्झाची लस : भिवंडी नगराच्या निमित्ताने एक विवेचन

ठाणे जिल्ह्यातील भिवंडी हे नगर यंत्रमागांसाठी देशभर प्रसिद्ध आहे. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या सुमारे सात लाख भरली. पूर्णा, काल्हेर, माणकोली या बाजूंच्या भातखाचरांवर गेल्या काही दशकांत मालाची प्रचंड गोदामे उभी राहिली असली, तरी नगराचा मूळ पिंड विणकराचाच राहिला आहे. माग ज्या शेडमध्ये चालतात तेथील हवा कोंदट आणि सुताच्या बारीक तंतूंनी भरलेली असते. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगण अशा दूरदूरच्या प्रांतांतून आलेला कामगार बारा-बारा तासांच्या पाळ्या करतो आणि लहानशा खोलीत अनेकांबरोबर राहतो. दिवसपाळीचा मनुष्य उठून गेला की रात्रपाळीचा त्याच जागी अंग टाकतो. श्वासावाटे पसरणाऱ्या रोगाला याहून सोयीची वस्ती शोधूनही सापडणे कठीण. इन्फ्लुएन्झाचा सर्वस्वी नवा प्रकार उद्या जून महिन्यात अशा नगरात शिरला, तर त्यावरील लस तेथे किती दिवसांनी पोचेल, या एका प्रश्नाच्या अनुषंगाने वनस्पतींच्या साहाय्याने लस तयार करण्याच्या पद्धतीचा विचार करणे उपयुक्त ठरेल.

हा प्रश्न कल्पनेतला नाही. १९१८ च्या जूनमध्ये मुंबईच्या गोदीवर पहाऱ्यास असलेले सात शिपाई तापाने आजारी पडून रुग्णालयात दाखल झाले, आणि तेथून पुढे काय घडले ते सर्वश्रुत आहे. पहिली लाट तुलनेने सौम्य गेली. सप्टेंबरमध्ये उसळलेली दुसरी लाट मात्र इतकी तीव्र होती, की ६ ऑक्टोबर या एकाच दिवशी मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. रोग रेल्वेच्या रुळांबरोबर अंतर्भागात पसरला. देशभरात एक कोटीहून अधिक माणसे त्यात दगावली. भारताच्या जनगणनेच्या इतिहासात लोकसंख्या घटल्याचे दशक एकच आहे, ते म्हणजे १९११ ते १९२१. त्या वेळी रोगाचे कारणच अज्ञात होते. मुंबईत हाफकिन यांनी प्लेगची लस १८९७ सालीच सिद्ध केली होती. तेव्हा मुंबईला लसविद्येची ओळख नव्हती असे नव्हे. परंतु ज्याच्याविरुद्ध लस करावयाची तो विषाणू मनुष्याच्या शरीरातून प्रथम वेगळा काढला गेला तो १९३३ मध्ये, लंडन येथे.

२००९ मध्ये ही अडचण उरली नव्हती. एप्रिलमध्ये मेक्सिको व अमेरिका येथे नवा एच१एन१ विषाणू ओळखला गेला, त्याच्या जनुकांचा अनुक्रम काही दिवसांतच जगभरच्या प्रयोगशाळांना उपलब्ध झाला, आणि ११ जून रोजी जागतिक आरोग्य संघटनेने महासाथ घोषित केली. ३ ऑगस्टला पुण्यात या रोगाने भारतातील पहिला बळी घेतला. ज्या नगरात राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था १९५२ पासून (आरंभी ‘विषाणु संशोधन केंद्र’ या नावाने) कार्य करीत आली आहे आणि जगातील एक अत्यंत मोठा लसनिर्माता कारखाना ज्या नगरात आहे, तेथेच हा मृत्यू घडावा हा दैवदुर्विलास म्हटला पाहिजे. रोगनिदान झाले, कारण माहीत होते, विषाणूचा अनुक्रम हाती होता, लस नव्हती. भारतात तयार झालेल्या पहिल्या लसी बाजारात आल्या त्या २०१० च्या जून-जुलैमध्ये. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची नाकात फवारण्याची ‘नॅसोवॅक’ ही लस त्यांपैकी एक. १० ऑगस्ट २०१० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने महासाथ संपल्याचे जाहीर केले. म्हणजे लस आली आणि त्यानंतर काही आठवड्यांतच महासाथ अधिकृतपणे संपली. मधल्या काळात एक संपूर्ण पावसाळा कोरडाच, म्हणजे लशीवाचून, निघून गेला होता.

हा विलंब कोणा एका संस्थेच्या हयगयीचा नव्हे. तो मुख्यतः पद्धतीचा आहे. इन्फ्लुएन्झाची लस आजही बहुतांशी कोंबडीच्या फलित अंड्यांत वाढविली जाते. नऊ ते अकरा दिवस उबविलेल्या अंड्याच्या आवरणाला छिद्र पाडून गर्भाभोवतीच्या द्रवात विषाणू सोडतात, दोन-तीन दिवस वाढू देतात आणि मग तो द्रव काढून विषाणू शुद्ध करतात. ऑस्ट्रेलियातील बर्नेट प्रभृतींनी १९३० ते १९४० च्या दशकांत हे तंत्र रुजविले. अमेरिकेत १९४५ मध्ये अशा लशीला सार्वजनिक वापराचा परवाना मिळाला. ऐंशी वर्षे टिकलेली ही पद्धत हलक्या हाताने झिडकारण्याजोगी नक्कीच नाही. परंतु तिचे जमाखर्च पाहिले पाहिजेत. ढोबळ हिशेबाने विषाणूच्या एका प्रकारासाठी एक अंडे म्हणजे लशीची एक मात्रा. नवा विषाणू मिळाला की तो अंड्यात चांगला वाढेल असा संकरित बीजविषाणू तयार करणे, त्याची पारख करणे, त्यानंतर लाखो अंड्यांची तजवीज करणे या सर्वांत पाच-सहा महिने जातात. अंडी ऐनवेळी मागविता येत नाहीत. कोंबड्यांचे कळप आधी कित्येक महिने पाळावे लागतात. नॅसोवॅकसारख्या सजीव क्षीणित लशीसाठी तर विशिष्ट रोगजंतूंपासून मुक्त अशा कळपांचीच अंडी चालतात, आणि असे कळप मोजकेच असतात.

त्यातही एक विपरीत योग संभवतो. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातील पक्ष्यांमधील एच५एन१ रोगाची पहिली नोंद झाली आणि लाखो कोंबड्या मारून पुरण्यात आल्या. २०२२ च्या फेब्रुवारीत भिवंडीला लागूनच असलेल्या शहापूर तालुक्यातील वेहळोली येथे हाच रोग उद्भवला व आसपासच्या कुक्कुटपालन केंद्रांतील पक्षी नष्ट करावे लागले. २०२४ च्या अखेरीस नागपूरच्या गोरेवाडा येथे तीन वाघ व एक बिबट्या याच विषाणूने मेल्याचे निष्पन्न झाले, म्हणजे तो सस्तन प्राण्यांतही शिरू लागला आहे. हा विषाणू उद्या मनुष्यामनुष्यांत पसरू लागला, तर ज्या रोगावर लस हवी तोच रोग लशीचा कच्चा माल, म्हणजे कोंबडी, नाहीशी करील. शिवाय अत्यंत मारक एच५एन१ विषाणू कोंबडीच्या गर्भालाच मारतो. त्यामुळे त्याच्या हीमॅग्लुटिनिन प्रथिनातील छेदस्थान जनुकीय शस्त्रक्रियेने आधी सौम्य करून घ्यावे लागते, आणि ते काम उच्च सुरक्षेच्या प्रयोगशाळेतच होऊ शकते.

आणखी एक दोष सूक्ष्म आहे, परंतु अभ्यासकांच्या दृष्टीने तोच अधिक महत्त्वाचा. मनुष्याच्या श्वसनमार्गातील पेशींवरील सायलिक आम्लाची जोडणी आणि अंड्यातील पेशींवरील जोडणी या एकसारख्या नसतात. अंड्यात वाढताना विषाणू अंड्याला जुळवून घेतो. त्याच्या हीमॅग्लुटिनिनच्या शिरोभागात बदल होतात. एच३एन२ प्रकाराच्या बाबतीत २०१६-१७ च्या हंगामातील लशीच्या विषाणूत अशाच एका बदलामुळे शर्करासाखळी जोडण्याचे एक स्थान नाहीसे झाले होते, व त्यामुळे लशीने निर्माण केलेली प्रतिपिंडे प्रत्यक्ष फिरणाऱ्या विषाणूला नीट ओळखीनात असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. लस टोचली, प्रतिपिंडे तयार झाली, पण ती समोर नसलेल्या शत्रूविरुद्ध.

या पार्श्वभूमीवर वनस्पतींचा मार्ग पुढे आला. त्याचे मूळ एका वनस्पतिरोगात आहे. ॲग्रोबॅक्टेरियम ट्युमेफॅशिएन्स हा मातीतील जिवाणू झाडाच्या खोडावर गाठी आणतो, हे स्मिथ व टाउनसेंड यांनी १९०७ साली दाखविले. १९७० च्या दशकात बेल्जियममधील शेल व व्हॅन मोंटेग्यू आणि अमेरिकेतील मेरी-डेल चिल्टन यांच्या गटांनी त्याचे रहस्य उलगडले. हा जिवाणू आपल्या वलयाकार प्लास्मिडाचा एक तुकडा वनस्पतीच्या पेशीत अक्षरशः पाठवून देतो, आणि पेशी तो तुकडा आपलाच समजून वाचू लागते. त्या तुकड्यातील गाठ आणणारी जनुके काढून तेथे हवे ते जनुक बसविले, की हा रोगकारक जिवाणू निमूट हमालाचे काम करू लागतो. १९९२ मध्ये अमेरिकेत मेसन, लॅम व आर्ंट्झेन यांनी कावीळ-ब विषाणूच्या पृष्ठप्रथिनाचे जनुक तंबाखूत घालून वनस्पतीत लसद्रव्य निर्माण होऊ शकते हे सिद्ध केले, आणि ‘खाण्याची लस’ ही कल्पना लोकप्रिय झाली.

महाराष्ट्राचा या विषयाशी संबंध येथून सुरू होतो. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात गणपती, बापट, सुनील कुमार व त्यांचे सहकारी यांनी हेच पृष्ठप्रथिन प्रथम तंबाखूच्या निलंबित पेशींत आणि नंतर केळीच्या परजनुकीय रोपांत तयार करून दाखविले. केळीवरील निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. केळ निवडण्यात शहाणपण होते. ते न शिजवता खाल्ले जाते, लहान मुलांना आवडते आणि आपल्याकडे बारमाही मिळते. परंतु पानांत मिळालेले प्रथिन एका ग्रॅममागे नॅनोग्रॅमांत मोजावे लागेल इतके अल्प होते. हा त्या संशोधकांचा दोष नव्हे; जनुक वनस्पतीच्या गुणसूत्रात कायमचे रोवण्याच्या पद्धतीची ती मर्यादा आहे. शिवाय प्रत्येक फळात मात्रा सारखी असेल याची खात्री देता येत नाही, आणि तोंडावाटे वारंवार घेतलेल्या प्रतिजनाविषयी शरीर उदासीन होण्याचा धोका असतो. बाजारातून केळी आणून लसीकरण उरकावे, हे चित्र त्यामुळे मागे पडले. तुर्भ्याच्या प्रयोगांचे मोल मात्र कमी लेखता येत नाही. वनस्पतीच्या पेशीत मानवी रोगाचे प्रतिजन योग्य घडणीने तयार होते, हे भारतीय पिकात दाखविणारे ते काम आहे.

इन्फ्लुएन्झाच्या बाबतीत यश आले ते कायमच्या जनुकांतरणाने नव्हे, तर तात्पुरत्या अभिव्यक्तीने. येथे जनुक बीजात जात नाही. प्रौढ रोपाच्या पानांतील पेशींना आठवडाभरापुरते कामाला लावले जाते आणि मग पाने कापून घेतली जातात. या पद्धतीला औद्योगिक रूप देणारी मुख्य संस्था म्हणजे कॅनडातील क्वेबेक येथील मेडिकागो ही कंपनी. तिचे नाव ज्या प्रजातीवरून आले ती आपल्या शेतकऱ्यांच्या परिचयाची आहे : मेडिकागो सटायव्हा म्हणजे लसूणघास. आरंभीचे प्रयोग त्या घासावरच झाले. नंतर मात्र निकोशियाना बेन्थामियाना या ऑस्ट्रेलियातील रानटी तंबाखूची निवड झाली. निपाणीच्या विडीच्या तंबाखूची ही दूरची बहीण, पण अंगाने कृश आणि धूम्रपानाला निरुपयोगी. तिचे वैशिष्ट्य वेगळेच आहे. प्रयोगशाळांत वाढविल्या जाणाऱ्या वाणात परकीय आरएनए ओळखून मोडून टाकण्याच्या यंत्रणेतील एक जनुक (आरडीआर१) निकामी झालेले असते. परिणामी बाहेरचे जनुक तिच्या पेशीत फारसा विरोध न होता वाचले जाते. उरलासुरला विरोध मोडण्यासाठी टोमॅटोच्या एका विषाणूतील पी१९ हे प्रथिनही सोबत दिले जाते.

प्रत्यक्ष कृती पाहण्यासारखी आहे. नव्या विषाणूच्या हीमॅग्लुटिनिन जनुकाचा अनुक्रम मिळाला की ते जनुक रासायनिक पद्धतीने जुळवून घेतात. सजीव विषाणू हाताळावा लागत नाही. ते प्लास्मिडात बसवून ॲग्रोबॅक्टेरियममध्ये घालतात व जिवाणू मोठ्या पात्रांत वाढवितात. मग पाच-सहा आठवड्यांची रोपे कुंड्यांसह उलटी करून त्यांची पाने त्या जिवाणूंच्या द्रवात बुडवितात आणि वरच्या कोठीतील हवा पंपाने ओढून घेतात. पानांच्या पेशींमधील पोकळ्यांतील हवा बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडते. निर्वात सोडताच द्रव त्या पोकळ्यांत घुसतो. कोरडे पान ओल्या फडक्यासारखे गडद दिसू लागते. रोपे पुन्हा सरळ करून हरितगृहात ठेवली जातात. सुमारे आठवड्याने पाने कापून, विकरांच्या साहाय्याने पेशीभित्तिका सैल करून, गाळण व वर्णलेखन यांच्या टप्प्यांनी लसद्रव्य वेगळे करतात.

येथे वनस्पतीच्या शरीरक्रियेचा एक लाभ अनपेक्षितपणे होतो. तयार झालेले हीमॅग्लुटिनिन पेशीपटलावर गोळा होते आणि पटलाचा फुगवटा फुटून विषाणूएवढा, विषाणूसारखा दिसणारा, पण आत कोणतेही जनुकद्रव्य नसलेला कण बाहेर पडतो. त्याला विषाणुसदृश कण म्हणतात. प्राण्यांच्या पेशीत हीच क्रिया घडवायची झाल्यास अडचण येते : हीमॅग्लुटिनिनला सायलिक आम्ल चिकटविण्याची खोड असल्यामुळे कण पेशीलाच चिकटून राहतो, व त्याला सोडविण्यासाठी न्यूरामिनिडेज हे दुसरे प्रथिन लागते. वनस्पतींच्या शर्करासाखळ्यांत सायलिक आम्ल नसतेच. त्यामुळे एकाच जनुकावर काम भागते, आणि सुटे झालेले कण पेशीपटल व पेशीभित्तिका यांच्यामधील जागेत साठतात. अंड्याला जुळवून घेताना होणारे बदल येथे उद्भवत नाहीत, कारण विषाणू वाढतच नाही; अनुक्रमात जे लिहिले आहे तेच प्रथिन बनते. वनस्पती प्रथिनाला झायलोज व एका विशिष्ट जोडणीचे फ्युकोज अशा आपल्या खास शर्करा जोडते, आणि त्यांची ॲलर्जी होईल काय अशी शंका रास्तपणे घेतली गेली होती; मानवी चाचण्यांत मात्र त्यामुळे गंभीर उपद्रव झाल्याचे आढळले नाही.

२००९ मध्ये एच१एन१ चा अनुक्रम मिळाल्यापासून १९ दिवसांत मेडिकागोने कणांची पहिली तुकडी तयार केली. २०१२ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या संशोधन विभागाने घेतलेल्या कसोटीत नॉर्थ कॅरोलायनातील हरितगृहातून एका महिन्यात एक कोटीहून अधिक मात्रांइतके द्रव्य निघाले. हे आकडे सांगताना एक गोष्ट बहुधा अध्याहृत ठेवली जाते. १९ दिवसांत रोपे वाढविण्याचा काळ धरलेला नाही. रोपे आधीच तयार असावी लागतात. म्हणजे महासाथ येवो न येवो, हरितगृह सतत भरलेले ठेवण्याचा खर्च कोणीतरी सोसला पाहिजे. कोंबड्यांच्या कळपापेक्षा तो खर्च कमी असेल, पण शून्य नाही.

भिवंडीच्या संदर्भात हिशेब मांडून पाहता येईल. मेडिकागोच्या हंगामी लशीत प्रत्येक प्रकाराचे ३० मायक्रोग्रॅम द्रव्य असे. एक किलो ओल्या पानांतून शुद्धीकरणानंतर ५० मिलिग्रॅम द्रव्य हाती लागते, असे गणितापुरते गृहीत धरू. महासाथीच्या एकाच प्रकाराविरुद्ध सात लाख लोकांना एकेक मात्रा द्यावयाची तर २१ ग्रॅम द्रव्य लागेल, आणि त्यासाठी ४२० किलो पाने. तीन प्रकारांच्या हंगामी लशीसाठी ६३ ग्रॅम, म्हणजे १,२६० किलो पाने. अंड्यांच्या मार्गाने हाच हिशेब अनुक्रमे सात लाख व एकवीस लाख अंड्यांवर जातो. सव्वा टन पाला मालवाहू टेम्पोच्या एका खेपेत मावतो. उत्पन्न गृहीताच्या निम्मे निघाले तरी फार तर खेपा दोन होतील. मात्र हा हिशेब फसवाही आहे. पानांची संख्या ही अडचण कधीच नव्हती. खरा अडसर त्यापुढच्या गाळणीत व वर्णलेखनाच्या स्तंभांत असतो. औषधी शुद्धतेचे ते यंत्रसाहित्य, निर्जंतुक भरणीचे दालन आणि प्रत्येक तुकडीची तपासणी यांवरच भांडवल खर्ची पडते, आणि तो भाग अंडी व पाने दोन्हींना जवळजवळ सारखाच आहे.

गुणकारितेविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. चार प्रकारांच्या वनस्पतिजन्य लशीच्या दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष २०२० मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पहिलीत १८ ते ६४ वर्षांचे १०,१६० लोक होते व तुलना निष्क्रिय द्रवाशी होती. जुळणाऱ्या प्रकारांविरुद्ध संरक्षण ३५.१ टक्के आढळले. ठरविलेले लक्ष्य ७० टक्क्यांचे होते, ते गाठता आले नाही. दुसऱ्या चाचणीत ६५ वर्षांवरील १२,७९४ व्यक्ती होत्या व तुलना प्रचलित अंडीजन्य लशीशी होती. तीत नवी लस जुनीपेक्षा कमी प्रतीची नाही, एवढे सिद्ध झाले. पहिल्या आकड्याने उत्साही मंडळींची निराशा झाली. परंतु २०१७-१८ चा तो हंगाम एच३एन२ चा होता, आणि त्या वर्षी अंड्यांतील लशीही या प्रकाराविरुद्ध दुबळ्याच ठरल्या होत्या, हे विसरता कामा नये. निष्पक्षपणे म्हणावयाचे तर वनस्पतीने वेळ वाचविला, इन्फ्लुएन्झाच्या लशीची मूळ दुर्बलता मात्र तिने दूर केली नाही.

यानंतरची हकीकत विज्ञानापेक्षा व्यवहाराची आहे. त्याच तंत्राने केलेल्या कोविडवरील ‘कोव्हिफेन्झ’ लशीला कॅनडाने २४ फेब्रुवारी २०२२ रोजी परवाना दिला. मनुष्यासाठी परवाना मिळालेली ती पहिली वनस्पतिजन्य लस. पण कंपनीत फिलिप मॉरिस या सिगारेट-उत्पादकाचा हिस्सा असल्यामुळे जागतिक आरोग्य संघटनेने तिला मान्यता देण्यास नकार दिला. तंबाखूच्या कुळातील रोपातून लस काढणाऱ्या संस्थेला तंबाखूच्याच पैशामुळे दार बंद व्हावे, यातील विसंगती कोणाच्याही ध्यानात येईल. तथापि संघटनेची भूमिका रोपाविरुद्ध नव्हती, भागीदाराविरुद्ध होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये मित्सुबिशी या जपानी मालकसंस्थेने बाजारातील बदलती स्थिती व मोठ्या उत्पादनास लागणारी गुंतवणूक ही कारणे देऊन मेडिकागो बंद करीत असल्याचे जाहीर केले. इन्फ्लुएन्झाच्या लशीला परवाना मिळण्यापूर्वीच तिची जन्मदात्री संपली. तंत्रावर यामुळे कायमची फुली मारणे बरोबर होणार नाही. गाजराच्या पेशींत तयार होणारे, गोशे रोगावरील टॅलिग्ल्युसरेज हे विकर २०१२ पासून अमेरिकेत परवानाप्राप्त औषध आहे. म्हणजे वनस्पतिजन्य मानवी औषध नियामकांना अमान्य नाही.

भारतात हे तंत्र आणावयाचे झाल्यास काही प्रश्न आपल्याकडचेच आहेत. पहिला प्रश्न ऋतूचा. कोकण व पुणे भागात इन्फ्लुएन्झाचा जोर पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबरमध्ये, सर्वाधिक असतो. उत्तर गोलार्धासाठी विषाणूंची निवड फेब्रुवारीत होते व त्यांची लस शरद ऋतूत येते. भिवंडीच्या दृष्टीने ती वरातीमागून घोडे ठरते. दक्षिण गोलार्धासाठी सप्टेंबरमध्ये केलेल्या निवडीची लस एप्रिल-मेपर्यंत मिळणे आपल्याला अधिक सोयीचे. महिन्याभरात लस देणारी पद्धत हाती असेल तर या दोन्ही वेळापत्रकांची ताबेदारी सुटते. राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेला एप्रिलमध्ये जो प्रकार बळावताना दिसेल, त्याचीच लस जूनपूर्वी करता येईल. हंगामी लशीच्या बाबतीत वनस्पतींचा सर्वांत मोठा लाभ आपल्यासाठी हाच आहे, आणि पाश्चात्त्य लेखनात त्याचा उल्लेख सहसा नसतो, कारण त्यांचा हिवाळा वेळापत्रकाशी जुळलेलाच आहे.

दुसरा प्रश्न उष्णतेचा. ॲग्रोबॅक्टेरियमची जनुक पाठविण्याची यंत्रणा २८-२९ अंश सेल्सियसच्या वर नीट जुळत नाही. एप्रिल-मेमध्ये, म्हणजे लस नेमकी ज्या महिन्यांत करावयाची त्या महिन्यांत, ठाणे जिल्ह्यातील तापमान याच्या पुष्कळ वर असते. क्वेबेकला हरितगृह तापविण्याचा खर्च येई. येथे थंड ठेवण्याचा येईल. अखंड विजेखेरीज ते अशक्य आहे. विजेचे मोल भिवंडीला वेगळे सांगावयास नको : २००७ पासून तेथील वीजवितरण खाजगी कंपनीकडे सोपविण्यात आले, तेव्हा त्यामागे मागांच्या नगराची दीर्घकाळची वीजगळती व थकबाकी यांचा इतिहास होता. अधिक उष्णता सोसणारे जिवाणूचे वाण किंवा सह्याद्रीच्या माथ्यावरील थंड जागा, असे दोन मार्ग सुचतात. पहिला वनस्पतिविज्ञान व सूक्ष्मजीवविज्ञान विभागांनी मिळून हाती घेण्याजोगा आहे. त्यासाठी लसकारखान्याची वाट पाहावी लागत नाही.

तिसरा प्रश्न टोचणीचा. इन्फ्लुएन्झाची लस देशाच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात नाही. ज्याला ती हवी त्याने पदरचे पैसे मोजावयाचे, अशी स्थिती असताना रोजंदारीवरील मागवाला ती घेईल हे संभवत नाही. लशीच्या किमतीखेरीज त्या दिवसाची बुडालेली मजुरीही त्याच्या हिशेबात असते. आणि फुकट मिळणारी लसही आपोआप दंडापर्यंत पोचत नाही. २०२२ च्या अखेरीस मुंबई व मालेगावप्रमाणे भिवंडीतही गोवराचा उद्रेक झाला. गोवराची लस दशकानुदशके उपलब्ध आहे, विनामूल्य आहे, तिचा तुटवडाही नव्हता. मुले सुटली होती ती स्थलांतरामुळे, करोनाच्या काळात विस्कळीत झालेल्या सत्रांमुळे आणि काही घरांतील अविश्वासामुळे. लस १९ दिवसांत तयार झाली, तरी शांतिनगरातील खोलीपर्यंतचा अखेरचा मैल किती दिवसांचा, याचे उत्तर हरितगृहात मिळणार नाही. वनस्पतिजन्य लशीलाही २ ते ८ अंशांची शीतसाखळी लागतेच. भिवंडीच्या परिसरात गोदामांची अफाट जागा असताना तेथे वितरणाचे मुख्य ठाणे सहज होऊ शकेल. पण गोदामातून माग चालतो त्या गल्लीपर्यंत नेणारा मनुष्य आरोग्यसेविकाच असतो, आणि तिच्यावरील भार कोणत्याही तंत्राने हलका केलेला नाही.

नियमनाच्या बाजूने दोन दारे ओलांडावी लागतील. जनुकीय बदल केलेल्या जिवाणूंचा व रोपांचा वापर १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखालील १९८९ च्या नियमांत येतो. मनुष्यावरील चाचण्या २०१९ च्या नवीन औषधे व चिकित्सालयीन चाचणी नियमांत. बीटी वांग्याच्या वेळी जो वाद झाला तो येथे तसाच लागू होत नाही, कारण रोप शेतात जात नाही, फुलावर येऊ दिले जात नाही आणि जनुक बियांत उतरत नाही. उरतो तो चोथा. वरील हिशेबातील १,२६० किलो पानांतून ६३ ग्रॅम लसद्रव्य बाजूला काढल्यावर बाकीचे जवळजवळ सगळे वजन मागे राहते. त्यात जिवंत ॲग्रोबॅक्टेरियम असतात, प्रतिजैविकाला दाद न देण्याची जनुकेही त्यांच्या प्लास्मिडात असतात, आणि ते सर्व उष्णतेने मारल्यावाचून बाहेर जाऊ देता येत नाही. कापडाच्या रंगाईचे पाणी वर्षानुवर्षे कामवारी नदीत गेलेले ज्या परिसराने पाहिले आहे, तेथे अशा कारखान्याचा आराखडा मांडताना हरितगृहाच्या आधी वाफेची भट्टी कोठे बसवावयाची, हे ठरवावे लागेल.